तेराशे वर्षे उभे असलेले लाकूड

नांगर, बैलगाडी, पाट, दारे, खिडक्या अशा किती तरी वस्तू लाकडाच्या होतात. पण लाकूड टिकते किती वर्षे? यंदा पावसाळ्यात आमच्या गोठ्याची मेढ बुडाशी कुजली आणि छप्पर कलले. शेजारचे काका म्हणाले, "लाकडाचं हे असंच. काढून टाका." मी गुरुजींना विचारले. तेव्हा त्यांनी जपानमधील होर्यूजी या बौद्ध मंदिराची माहिती सांगितली.

हे मंदिर नारा शहराजवळ आहे. राजपुत्र शोतोकू यांनी ते इ. स. ६०७ च्या सुमारास उभारले. ६७० साली ते जळाले. त्यानंतर पुन्हा बांधलेले मंदिर आजही उभे आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. तेथील पाच मजली पॅगोडा सुमारे ३२ मीटर उंच आहे.

हे लाकूड टिकले, त्याची कारणे अशी :

१) लाकूड हिनोकी नावाच्या झाडाचे आहे. त्यात सुवासिक तेल असते. त्यामुळे कीड व बुरशी लवकर लागत नाही.

२) छपराच्या वळचणी खूप पुढे आलेल्या आहेत. पावसाचे पाणी खांबांवर पडत नाही.

३) भोवतालचे खांब दगडांवर उभे आहेत. पॅगोड्याचा मधला खांब मात्र जमिनीत पुरला होता. त्याचे पुरलेले टोक कुजून गेले आणि तिथे पोकळी राहिली!

४) खिळे थोडे. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवतात. म्हणून इमारत सोडवता येते, खराब भाग बदलता येतो.

१९३४ साली तेथे मोठी दुरुस्ती सुरू झाली. ती चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी मुख्य मंदिराला आग लागली. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांची आठवण करून देणारी तेथील भिंतीवरची चित्रे होरपळली. पण वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच सोडवून ठेवला होता, म्हणून तो वाचला. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो, त्याच दिवशी जपानमध्ये जुन्या वास्तू आगीपासून जपण्याचा दिवस पाळतात.

हे सारे मी घरी आजोबांना सांगितले. ते सुतारकाम करतात. त्यांनी मेढीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "वरचं लाकूड खणखणीत आहे गं. कुजलंय ते फक्त बूड." त्यांनी दोन वीत भाग कापला, खाच पाडून सागाचा तुकडा जोडला आणि खाली दगड ठेवला. छप्पर सरळ झाले. काकाही बघायला आले होते.

पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातील दोन बाकांचे पाय खालून कुजले आहेत. बाक अडगळीत टाकू नका. वरचे लाकूड अजून चांगले आहे. मी टिचकी मारून पाहिले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी