कोयनेच्या पाण्याचा हिशेब

चिपळूण

चि. सई हिस,


‘ऊर्जा नष्ट होतच नाही, मग ती वाचवायची कशाला?’ हा तुझा प्रश्न तुझ्या बाबांनी फोनवर सांगितला. वर्गात हशा पिकला म्हणे. पिकू दे. एकोणिसाव्या शतकात युरोपातले भलेभले विद्वान याच प्रश्नाभोवती घुटमळत होते. नववीच्या पुस्तकातल्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात नियम आणि सूत्रं मिळतील, ती पाठ करच. पण उत्तर शोधायचं तर तुम्हा कराडकरांना फार लांब जायला नको. प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटणाऱ्या कोयनेकडे जरा हिशेबनिसाच्या नजरेने बघायला हवं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. तिथून सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडची वाट धरते. तिच्या खोऱ्यापासून पश्चिमेचा कडा अगदी जवळ आहे, आणि कड्याखाली एकदम कोकण. पाणी पूर्वेला गेलं तर रमतगमत, अख्खं दख्खन ओलांडून, बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेला वळवलं तर काही किलोमीटरच्या आत जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली उतरतं. अभियंत्यांची नजर या उतारावर होती. शिवसागर जलाशयातलं पाणी नवजाजवळ बोगद्यात घेतलं, डोंगराच्या पोटात कोरलेल्या पोफळीच्या वीजघरात उतरवलं आणि १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्पे वाढत गेले. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. धरणाच्या पायथ्याशीही छोटं वीजघर आहे, ४० मेगावॉटचं, तुमच्याकडे सोडलेल्या पाण्यावर चालणारं. एकाच तळ्याचं पाणी, पण धरणाची सगळी उंची १०३ मीटर; पोफळीला मात्र उतार मिळतो पावणेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे पूर्वेला सोडलेला लिटर पश्चिमेच्या लिटरच्या पाचव्या हिश्शाएवढीच वीज देऊ शकतो.

आता पुस्तकातलं सूत्र बाहेर काढ: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. गच्चीवर असते तशी हजार लिटरची टाकी घे, म्हणजे १,००० किलो पाणी. त्याला ९.८ ने गुण, मग ४७५ ने. साडेशेचाळीस लाख ज्यूल होतात. वाचताना छाती दडपते. पण विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल! टर्बाइन आणि जनित्रातली घट वजा केली की हजार लिटर पाणी पावणेपाचशे मीटर खाली आणून हाती पडतं एक युनिट आणि वर थोडी चिल्लर. या युनिटाला घरी मोजायचे पैसे चहाच्या एका कपाच्या आसपास.

हे आकडे पहिल्यांदा कळल्यावर माणूस चक्रावतो, आणि चक्रावायलाच हवं. ५० किलोच्या मुलीने समुद्रसपाटीपासून थेट कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १,६४६ मीटर, चढायचं ठरवलं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिचं कार्य होतं सुमारे आठ लाख ज्यूल. एका युनिटाची भरपाई करायला तिला तो डोंगर साडेचार वेळा चढावा लागेल. तिच्या स्नायूंना अन्नातून याच्या चार-पाच पट ऊर्जा लागेल, कारण शरीर अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा भागच अशा कामाला लावू शकतं. बाकीची घाम काढते.

पुस्तकात ऊर्जेचे प्रकार ओळीने दिलेले असतात: स्थितिज, गतिज, उष्णता, विद्युत, रासायनिक, प्रकाश, ध्वनी. परीक्षेत ते लिहिले की गुण मिळतात आणि मुलं पुढच्या धड्याकडे वळतात. खरी गंमत त्या यादीत नाही, एका नावाचं दुसऱ्या नावात रूपांतर होताना लागणाऱ्या भावात आहे. पोफळीचंच बघ. तळ्यात शांत पडलेलं पाणी म्हणजे स्थितिज ऊर्जा. नळातून उतरून तोटीतून बाहेर पडतं तेव्हा त्याचा वेग, वाटेतलं घर्षण सोडलं तर, तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ जातो. हा झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो आणि चक्र फिरतं. वाट्यांचा आकार असा की पाणी जवळजवळ उलटं वळून, वेग गमावून, खाली पडतं. पाण्याने वेग गमावला नाही तर ऊर्जा चक्राकडे जाणार कशी? म्हणून चांगल्या टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी मरगळलेलं असतं.

पण तळ्यातल्या पाण्याकडे ही स्थितिज ऊर्जा आली कुठून? वीजघराच्या पाटीवर ते लिहिलेलं नसतं. अरबी समुद्राचं पाणी साडेसहाशे मीटर उंचीवरच्या तळ्यात उन्हाने नेऊन ठेवलं. नवजाला अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो हाच. एक लिटर पाणी तेवढं उचलायला साडेसहा हजारांहून थोडे कमी ज्यूल लागतात. त्याच लिटरची वाफ करायला मात्र सुमारे चोवीस लाख! म्हणजे सूर्य तळ्यात एक रुपया जमा करण्यासाठी पावणेचारशे रुपये उधळतो. उधळतो म्हणावं की नाही, हाही प्रश्नच आहे. ढगात वाफेचं पुन्हा पाणी होतं तेव्हा ती उष्णता हवेत सुटते, आणि पावसाळी ढगांना वर चढायला बळ मिळतं ते तिच्यातूनच. खातं वेगळं, रक्कम तीच.

हा विनिमयाचा भाव मोजायला ज्या माणसाने आयुष्य घातलं, त्याच्या नावाचं एकक तू रोज लिहितेस. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, जन्म १८१८, इंग्लंडातल्या सॅलफर्डचा. घरचा धंदा बिअर बनवण्याचा, त्यामुळे तापमापकाशी त्याची चांगलीच ओळख. त्याने वजनं दोरीला बांधून खाली सोडली. त्यांच्या ओढीने पाण्याच्या भांड्यातली वल्ही फिरली, पाणी घुसळलं गेलं आणि किंचित तापलं. किंचित म्हणजे अंशाचा अपूर्णांक. पुष्कळांना ते खरंच वाटेना. १८४५ मध्ये त्याने लिहिलं की नायगाराचं पाणी १६० फूट पडून खाली पोचेल तेव्हा फॅरनहाइटच्या मापाने जेमतेम एक पंचमांश अंश तापलेलं असेल. आजच्या आकड्यांनी पडताळून बघ, गणित चोख आहे.

आता तोच हिशेब पोफळीला लाव. समजा टर्बाइन बसवलंच नसतं आणि पाणी नुसतं कड्यावरून खाली आदळलं असतं. पावणेपाचशे मीटर उतरून, सगळी ऊर्जा उष्णतेत गेली असती, तरी ते तापलं असतं एक अंश आणि वर थोडं. खालच्या वाशिष्ठी नदीत बोट घालणाऱ्याला कळलंही नसतं. ज्यूलची बेरीज मात्र एकाही आकड्याने चुकली नसती. तेवढेच साडेशेचाळीस लाख, पूर्वी पाण्याच्या उंचीत होते, आता पाण्याच्या उबेत. नियम पाळला गेला, ऊर्जा नष्ट झाली नाही. फक्त त्या एक अंशाने कोमट झालेल्या टाकीभर पाण्यातून तू एक बल्ब पेटवून दाखव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बेरीज कायम राहते, पण कामाला येण्याची क्षमता राहत नाही. उंचीवरच्या पाण्याची वीज जवळजवळ सगळी काढता येते. विजेची उष्णता तर शंभर टक्के होते, इस्त्री ते रोज करते. उलटा प्रवास मात्र अडतो. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवलं होतं की उष्णतेवर चालणाऱ्या कितीही उत्तम यंत्राला मर्यादा आहे. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र घे. अशा केंद्रांत कोळशातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक विजेत येतो. बाकीचा धुराड्यातून आणि शीतक मनोऱ्यांतून आभाळात जातो. यात अभियंत्यांचा निष्काळजीपणा फार थोडा; मोठा वाटा निसर्गाच्या अटीचा. तेव्हा ‘ऊर्जा वाचवा’ या पाटीचा खरा अर्थ असा की उंचीवरचं पाणी, कोळसा, वीज अशी कामाची ऊर्जा बिनकामाच्या उबेत मुरू देऊ नका. पाटीवर एवढं मावत नाही, हे मान्य.

घाटघरला तर माणसं अशी थोडी कामाची ऊर्जा जाणूनबुजून गमावतात. तिथलं २५० मेगावॉटचं केंद्र विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी पंपाने वर चढवतं आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज बनवतं. अशा केंद्रांत साधारण चार युनिटं घातली की तीन परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटेल, पण दुपारच्या उन्हात सौर वीज मुबलक असते आणि दिवे लावायची वेळ सूर्य मावळल्यावर येते. चौथं युनिट हे साठवणुकीचं भाडं.

आता उपदेश, आत्यापणाचा हक्क म्हणून. वाचवण्याआधी मोज. शाळेच्या घोषणाफलकांवर मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्याचं पुण्य फार गाजतं. फोनची मोठी बॅटरीसुद्धा पूर्ण भरायला युनिटाचा पन्नासावा भाग लागतो. बादलीतलं १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धं युनिट लागतं. म्हणजे एका आंघोळीत पंचवीस वेळा फोन भरला असता, आणि त्या आंघोळीसाठी सह्याद्रीवरून साडेचारशे लिटर पाणी खाली उतरलं. चार्जर जरूर काढ, पण आधी गीझरकडे बघ. आणि कुणी घरात ‘सकारात्मक ऊर्जा’ आणणारी अंगठी किंवा पिरॅमिड विकायला आलं, तर नम्रपणे विचार: किती ज्यूल?

या हिशेबाला एक रकाना कमी आहे, तेही सांगायला हवं. वस्तुमान, त्वरण आणि उंची यांच्या गुणाकारात तळ्याखाली गेलेली गावं बसत नाहीत. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. कोयनेच्या खोऱ्यातलीही कितीतरी कुटुंबं उठून दुसऱ्या जिल्ह्यांत वसली. पाणी उंचावर अडवायचं तर कुणाची तरी जमीन त्याच्याखाली जाते. कोळसा, अणू, पवनचक्की, कुठलाच मार्ग यातून पूर्ण सुटलेला नाही. कुणाला किती द्यावं लागतं यात मात्र फार फरक आहे. विज्ञानाच्या वहीत हा रकाना तूच आखून घे, पुस्तक आखून देणार नाही.

पुढच्या आठवड्यात दोन कामं कर. तुमच्या घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका उघडझाप करत असेल, आणि शेजारी ३२०० सारखा आकडा छापलेला असेल. तितक्या उघडझापांना एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त ९ वॉटचा एलईडी चालू ठेव. ३२०० चा मीटर असेल तर दोन मिनिटांत एकदा, फार तर, ठिपका चमकेल. मग २,००० वॉटचा गीझर लाव आणि मोजता येतंय का बघ.

दुसरं काम ज्यूलचंच. आईला विचारून मिक्सरच्या भांड्यात अर्धा लिटर साधं पाणी घे, मिनिटभर फिरव, बंद कर, तापमापकाने तापमान घे, पुन्हा फिरव. पाणी तापेल. पण भांड्याखालची मोटरही तापते आणि तिची थोडी उष्णता वर चढते. त्यातली किती घुसळण्याची आणि किती मोटरची, हे वेगळं कसं काढायचं? ज्यूललाही अशा उसन्या उष्णतेने फार छळलं होतं. तुझी युक्ती आणि आकडे दोन्ही लिहून पाठव, आकडे विचित्र आले तरी.

तुझी,
आत्या