त्वचारोगांची मराठी नावे आणि आपला व्यवहार

शरीराच्या अन्य कोणत्याही अवयवाच्या विकारांना मराठीत नसतील एवढी नावे त्वचेच्या विकारांना आहेत. याचे कारण उघड आहे. यकृत किंवा मूत्रपिंड कोणाला दिसत नाही; कातडीवर जे उमटते ते घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि वर्गातील मुलांना दिसते, आणि दिसले की त्याला नाव पडते. गजकर्ण, नायटा, खरूज, इसब, शिबे, वांग, चामखीळ, चाई, काळपुळी, घामोळे ही नावे कोणा परिभाषा समितीने घडविलेली नाहीत. त्यांतील काही तर फार नेमकी आहेत. पावसाळ्यात चिखलपाण्यात वावरून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी कुजते, तिला 'चिखल्या' म्हणतात. केसाच्या मुळाशी होणारे गळू ते 'केसतोड'. रोगाचे कारण किंवा स्थान नावातच सांगणारी अशी परिभाषा तज्ज्ञांनाही सहसा साधत नाही.

तेव्हा त्वचारोगांच्या बाबतीत अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. एकच शब्द दोन रोगांना किंवा दोन अर्थांना लावला जातो, ही खरी अडचण आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना आरोग्यविषयक नोंदी, शिफारसी आणि दाखले यांच्याशी नित्य संबंध येतो; म्हणून या घोटाळ्याचा विचार त्यांनी करणे अगत्याचे आहे.

कोड आणि कुष्ठ

सर्वांत घातक घोटाळा या दोन शब्दांचा आहे. मराठीत 'कोड' म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे पडणारे पांढरे डाग. ('कोडकौतुका'तील कोड निराळे.) हा संसर्गजन्य रोग नव्हे, तो स्पर्शाने, कपड्याने किंवा एका ताटात जेवल्याने कोणालाही होत नाही. 'कुष्ठ' हा मात्र जंतूंमुळे होणारा, त्वचा आणि मज्जातंतू यांना ग्रासणारा रोग होय. त्याचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला.

रोग दोन असले तरी शब्दांचे मूळ एकच आहे. 'कोड' हा संस्कृत 'कुष्ठ' शब्दाचाच प्राकृतातून आलेला अवतार आहे. हिंदीत तोच 'कोढ' झाला आणि तेथे त्याचा अर्थ कुष्ठरोग असाच राहिला. मराठीत अर्थ सरकला. त्यामुळे गोंदिया, भंडारा यांसारख्या ज्या जिल्ह्यांत मराठी आणि हिंदी मिसळून बोलल्या जातात, तेथे एकाने सांगितलेले 'कोड' दुसऱ्याच्या कानी महारोग म्हणून पडू शकते. त्यात 'श्वेतकुष्ठ' या जुन्या नावाची भर पडते. आयुर्वेदात कुष्ठ ही संज्ञा मुळातच व्यापक आहे. तेथे सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार सांगितले असून त्यांत आजच्या भाषेत नायटा, खरूज किंवा इसब म्हणता येतील असे विकारही येतात. प्राचीन ग्रंथात 'कुष्ठ' आढळले की तो आजचा कुष्ठरोगच, असे समजणे म्हणूनच बरोबर नाही.

या शब्दगोंधळाची किंमत दोन बाजूंनी मोजावी लागते. कोड असलेल्या मुलीचे लग्न अडते, शाळेत तिच्याशेजारी कोणी बसत नाही. उलट, ज्याला खरोखरच कुष्ठरोगाची सुरुवात आहे तो आपला चट्टा कोडाचा किंवा शिब्याचा समजून स्वस्थ बसतो, आणि तोवर हातापायांचे मज्जातंतू कायमचे निकामी होतात. दुसरा तोटा अधिक मोठा मानावा लागेल, कारण तो टाळणे पूर्णपणे शक्य आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभापासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषधे घेतली की रोग बरा होतो. शासकीय आरोग्य केंद्रात ही औषधे विनामूल्य मिळतात आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो.

डागांतील फरक ढोबळमानाने असा सांगता येईल. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तेथील संवेदना शाबूत असते; कित्येकदा त्यावरचे केसही पांढरे होतात. शिबे बुरशीमुळे होते, छाती, पाठ व मान येथे येते आणि खरवडल्यास बारीक कोंडा निघतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पांढराशुभ्र नसतो. तो खाजत नाही, दुखत नाही. तेथे घाम कमी येतो आणि बहुधा संवेदना नसते. लहान मुलांच्या गालांवर दिसणारे फिकट, किंचित खरखरीत डाग या तिन्हींहून वेगळे व निरुपद्रवी असतात. लोक त्यांचा संबंध जंतांशी जोडतात, पण त्याला आधार नाही.

अर्थात निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. त्याने मुलाच्या तपासणीपत्रकात रोगाचे नाव न लिहिता वर्णन लिहावे: चट्टा कोठे आहे, रंग कसा आहे, केव्हापासून आहे, खाजतो की नाही. संवेदनेविषयी विचारताना 'बधिर' हा शब्द टाळलेला बरा. कित्येकांना त्यावरून बहिरेपणा आठवतो. 'तेथे चिमटा घेतला तर कळतो का?' असे विचारले की उत्तर चटकन मिळते.

एक शब्द, दोन अर्थ

असाच दुसरा शब्द 'व्रण'. शास्त्रीय लेखनात व्रण म्हणजे उघडी, न भरलेली जखम. जठरव्रण हा शब्द त्या अर्थी रूढ आहे. पण 'ओळखीची खूण : कपाळावर व्रण' असे आपण लिहितो तेव्हा जखम भरून राहिलेली खूण अभिप्रेत असते. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायाविषयी एखाद्या कागदावर 'तळपायावर व्रण' असे लिहिले, तर वाचणारा लिपिक ती जुनी खूण समजेल. प्रत्यक्षात त्या माणसाला मलमपट्टीची आणि मऊ रबरी तळाच्या पादत्राणांची तातडीने गरज असेल. 'न भरलेली जखम' आणि 'जखमेची खूण' असे सरळ लिहिले तर हा प्रश्नच उरत नाही.

'नागीण' या नावाने तर भीतीच निर्माण केली आहे. नागिणीने अंगाला पुरता वेढा घातला की माणूस दगावतो, असा समज आहे. वस्तुतः हा कांजिण्यांच्याच विषाणूचा पुनरुद्भव असून तो एका मज्जातंतूच्या मार्गाने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस येतो. गजकर्णाचे नाव सर्वांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच लोक दुकानातून मलम आणून स्वतःच उपचार करतात. त्या मलमात स्टेरॉइड असल्यास खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचे मूळ रूप ओळखू येईनासे होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला. खरजेच्या बाबतीत एवढेच सांगितले पाहिजे की, ती कातडीत बीळ करणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते. घरातील एकालाच औषध लावून उपयोग नाही, सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते.

कायद्यातील आणि पाटीवरील शब्द

'महारोगी' हा शब्द एके काळी रूढ आणि सद्भावनेने वापरलेलाही होता. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोरा येथे स्थापन केलेल्या संस्थेचे नाव महारोगी सेवा समिती असेच आहे. आज शासकीय लेखनात 'कुष्ठरोग' आणि 'कुष्ठरुग्ण' हे शब्द वापरावेत. १८९८चा महारोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९च्या दुरुस्तीने वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकण्यात आल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मात्र 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' असा वर्ग आहे. या शब्दातील 'मुक्त' विसरता कामा नये. वाकडी बोटे उपचारानंतरही वाकडीच राहतात. त्यांवरून त्या माणसाला आजही रुग्ण समजणे आणि तसे दाखल्यात लिहिणे चुकीचे आहे. ३० जानेवारीस, कुष्ठरोग निवारण दिनी, २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्पर्श' मोहिमेनिमित्त ग्रामसभेत जो संदेश वाचला जातो, त्यासोबत कोड आणि कुष्ठ यांतील फरक सरपंचांनी गावच्या बोलीत दोन वाक्यांत सांगितला, तर त्यास वेगळा खर्च येणार नाही.

रुग्णालयांच्या पाट्यांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. अनेक ठिकाणी 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी पाटी असते. दोन्ही विषय वैद्यकात एकत्र शिकविले जातात, म्हणून ती पडली. परंतु खरूज झालेली शाळकरी मुलगी किंवा गालावर वांग आलेली गृहिणी त्या दारातून आत जाण्यास बिचकते. जेथे पाटी नव्याने रंगवावयाची असेल, तेथे दर्शनी भागावर 'त्वचारोग विभाग' एवढेच शब्द पुरेत.