उत्तर मिळालं की पळू नकोस

अगं, शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस आणि आठवड्याच्या आत केंद्राचा, तालुक्याचा, तंत्रस्नेही शिक्षकांचा अशा साऱ्या ग्रुपांनी तुझा फोन भरून गेला, असं तुझी आई सांगत होती. बरं झालं. द्विशिक्षकी शाळेत जोडीदार सर प्रशिक्षणाला गेले की विचारायला भिंतीच उरतात. मग परक्या जिल्ह्यातल्या, कधी न पाहिलेल्या बाईंना रात्री साडेदहाला विचारावं लागतं, आणि त्या सांगतातही. सांगून झाल्यावर आपण कसं वागायचं, हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. म्हणून मावशीचं ऐक.

१. नुसता अंगठा पाठवून मोकळी होऊ नकोस. दोन शब्द लिही आणि त्यात त्या सरांचं, बाईंचं नाव घे – एवढ्या गर्दीत मोघम 'धन्यवाद' कुणाला म्हटलं, ते ज्याला म्हटलं त्यालाही कळत नाही.

२. आभार दोनदा मानायचे. एकदा उत्तर आल्यावर, एकदा काम झाल्यावर – पहिल्यांदा सगळेच मानतात, पण सांगणाऱ्याचा जीव दुसऱ्यात अडकलेला असतो.

३. 'झालं सर' एवढ्यावर थांबायचं नाही, काय केल्यावर झालं तेही लिहायचं. समज, यू-डायस प्लसवर एका मुलीचं आधार जुळत नाही. जनरल रजिस्टरात नाव चोख, पण आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. सरांनी युक्ती सांगितली आणि जमलं, तर असं लिही: 'आधारप्रमाणे नाव या रकान्यात कार्डावरचं स्पेलिंग जसंच्या तसं टाकलं, पडताळणी झाली, रजिस्टरला हात लावावा लागला नाही.' – संचमान्यतेसाठी पट बघायची वेळ आली की हाच प्रश्न आणखी दहा शाळांना पडतो, आणि विचारणारी परतली की वाट मळते.

४. हे लिहिताना आपला मूळ प्रश्न पकडून त्याखालीच उत्तर दे, आणि तो प्रश्न पुसू तर मुळीच नकोस – प्रश्नाविना पडलेलं उत्तर चार दिवसांनी लिहिणाऱ्यालाही ओळखू येत नाही. 'मला एवढंही येत नव्हतं' ही लाज सोड. ग्रुपातल्या निम्म्यांना तेच येत नसतं, ते फक्त गप्प बसून वाचतात.

५. पडद्याचा फोटो पाठवताना लेकरांच्या आधारचे १२ आकडे झाकून पाठव. चुकून गेलेच, तर काम झाल्यावर 'तुमच्याकडचाही काढून टाका' असं हक्कानं सांग – मदत करणाऱ्याच्या फोनात आपण जोखीम ठेवून येऊ नये.

६. पोर्टलचं गाडं एकतर चालतं किंवा अडतं, पण वर्गातल्या सल्ल्याचं काय झालं ते सविस्तर कळवायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. दुसरीला हातच्याची वजाबाकी जमेना म्हणून कुणी बाईंनी काड्यांचे गठ्ठे सुचवले. तू ६३ वजा २८ घेतलं. सहा गठ्ठे, तीन सुट्या. पोरांनी एक गठ्ठा सोडला, सुट्या तेरा केल्या, आठ काढल्या, पाच उरल्या, इथवर छान. आणि मग पाटीवर लिहिलं ४५! सोडलेला गठ्ठा त्यांच्या हिशेबी अजून जागेवरच. हे असंच्या असं बाईंना लिही – 'उपक्रम छान झाला' वाचून त्यांना काहीच सांगता येणार नाही, पण ४५ वाचलं की पोरं कुठे घसरली ते त्यांना तिथूनच दिसेल, आणि पुढची युक्ती त्या न विचारता धाडतील.

७. सल्ला लागू पडला नाही तर तेही कळव, फक्त सुरुवात 'तुम्ही सांगितलेलं चुकीचं आहे' अशी नको. 'तिसऱ्या पायरीपर्यंत आले, पुढे बटणच दिसत नाही' असं सांग – माणूस दुखावत नाही आणि कामही पुढे सरकतं.

८. उत्तराला उशीर झाला तर नुसती प्रश्नचिन्हं पाठवायची नाहीत – पलीकडचे सर बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन दारोदार फिरत असतील, नाहीतर पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेत असतील.

९. दोघांनी सांगितलं आणि दुसऱ्याचं चाललं, तरी पहिल्याला विसरू नकोस – वेळ दोघांचाही गेला.

१०. कौतुक बेतानं कर. 'सर, तुम्ही देवमाणूस' असं भर ग्रुपात लिहिलंस की दुसऱ्या दिवशी अख्ख्या तालुक्याच्या एक्सेल शीट त्यांच्याकडे पोचतात – ज्याची स्तुती गावभर, त्याच्या दारी अर्ज ढीगभर. त्यापेक्षा त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या त्यांच्या नावासह नीट लिहून टाक, म्हणजे लोकांना उत्तर मिळेल आणि सरांना झोप. मी तर याला खरे आभार समजते.

११. कुणाची कृतिपत्रिका वापरलीस तर खालची नावाची ओळ कापू नकोस, आणि तू त्यात भर घातलीस तर ती प्रत आधी त्यांना पाठव – खोडलं नाव, आखडला हात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात ना? २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. आपल्याला तर फक्त एक ओळ ठेवायची आहे.

१२. खासगीत मिळालेलं उत्तर ग्रुपात टाकण्याआधी विचार – काहींना सांगायला आवडतं, पण दिसायला नाही.

१३. महिन्याच्या शिक्षण परिषदेत संधी मिळाली तर केंद्रप्रमुखांसमोर नाव घे – कागदावर या मदतीची नोंद कुठेच होत नसते.

१४. ५ सप्टेंबरला सगळ्यांना एकच फुलांचं चित्र धाडण्यापेक्षा दोघातिघांना 'गठ्ठा सोडायला आता सगळी शिकली' एवढंच लिही – चित्रं फोनात जागा अडवतात.

१५. सांगणाऱ्यांची परतफेड त्यांनाच करता येईल असं नाही. पुढच्या वर्षी नवी कुणी तोच आधारचा प्रश्न विचारेल, तेव्हा 'वर बघा, उत्तर आहे' असं न म्हणता ते तिच्यापुढे आणून ठेव – पहिल्या वर्षी 'वर' म्हणजे नेमकं कुठे, तेच समजत नाही.

१६. टाचणवहीच्या शेवटच्या पानावर एक यादी ठेव: कुणी काय सांगितलं, आणि आपण काय कळवायचं राहिलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहा मिनिटं तिच्यावर घाल – मनात ठेवलेले आभार सोमवारपर्यंत टिकत नाहीत. पहिली नोंद मीच सांगते: आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचे नमुने मागच्या रविवारी तुला पाठवले होते, त्यांचं काय झालं ते मावशीला अजून कळलेलं नाही.