रिकाम्या घराचे गणित

चार वर्षे आपण होस्टेलमध्ये काढतो. कॉट कॉलेजची, टेबल कॉलेजचे, जेवण मेसचे. आपल्या मालकीची म्हणजे एक गादी, एक बादली आणि रेक्टरांपासून लपवलेली पाणी तापवायची कॉइल! मग एक दिवस ऑफर लेटर हातात पडते, पुण्या-मुंबईत दोघा-तिघांत मिळून एक वन आरके भाड्याने घेतला जातो, आणि किल्ली फिरवून आत गेल्यावर दिसतात फक्त चार भिंती. पडदा नाही, चमचा नाही, केर काढायला झाडूसुद्धा नाही.

नेमका याच वेळी खिसा सर्वात हलका असतो. डिपॉझिट आणि पहिले भाडे देऊन झालेले असते, पगाराला महिना असतो आणि अनेकांच्या शिक्षणकर्जाचा हप्ता उंबरठ्यावर येऊन थांबलेला असतो. या पहिल्या दोन महिन्यांत घेतलेले निर्णय पुढची दोन वर्षे खिशाला चिकटून राहतात. म्हणूनच या विषयाकडे एखाद्या प्रॉब्लेमसारखे बघू. गिव्हन डेटा, कन्स्ट्रेंट्स आणि मग उत्तर!

१. आधी माप, मग दुकान

ग्राफिक्सच्या तासाला आपण कंटाळलो असलो तरी इथे तेच कामाला येते. खोली १० फूट बाय १२ फूट असेल तर ती साधारण ३.०५ मीटर बाय ३.६६ मीटर होते. १:२० स्केलने कागदावर १५.२ सेंमी बाय १८.३ सेंमी. म्हणजे ए-फोर कागदावर आरामात बसते. त्यावर दार कुठल्या बाजूला उघडते, खिडकी कुठे, प्लगचे बोर्ड कुठे हे मांडा. मग कॉट, टेबल, कपाट यांचे त्याच स्केलचे तुकडे कापा आणि सरकवून बघा. चालायला किमान दोन फूट वाट राहिली पाहिजे.

दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्टची खोलीसुद्धा मोजा. घरात मावणारे कपाट जिन्यात अडकले तर ते घरात मावते याचा काही उपयोग नाही.

आणखी एक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्या कराराला घरात काय काय आहे याची यादी जोडून घ्या : पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालू की बंद. पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. घर सोडताना डिपॉझिट परत मिळवायचे तर ही यादीच आपल्या बाजूने बोलते.

२. वापरागणिक खर्च

कुठल्या वस्तूवर पैसे घालायचे आणि कुठल्या टाळायच्या, यासाठी एक सोपे सूत्र आहे. किंमत भागिले ती वस्तू एकूण किती वेळा वापरणार.

समजा, ३,५०० रुपयांची चांगली गादी पाच वर्षे टिकली. पाच वर्षांत १,८२५ रात्री. म्हणजे रात्रीला दोन रुपयांहूनही कमी. आता समजा १२,००० चा सोफा घेतला आणि त्यावर आपण फक्त रविवारी बसलो. पाच वर्षांत सुमारे अडीचशे रविवार. म्हणजे एका बैठकीला ४८ रुपये! तेव्हा गादीत कंजुषी नको आणि सोफ्याची घाई नको. पाहुणे आले तर सतरंजी आहेच. आपल्या आज्या-पणज्यांचा संसार सतरंजीवरच झाला.

या सूत्राने ३०,००० रुपयांचे वाटप साधारण असे करता येईल (दोघांचे घर धरून) :

झोपणे (दोन गाद्या, उशा, चादरी) : ६,०००
स्वयंपाक (शेगडी, सिलिंडर, भांडी) : ९,०००
पाणी आणि स्वच्छता : २,५००
वीज, उजेड, पडदे : ३,०००
टेबल-खुर्ची आणि कपडे ठेवायची सोय : ४,५००
राखीव : ५,०००

आकडे शहराप्रमाणे बदलतील, पण शेवटची ओळ खोडायची नाही. राहायला गेल्यावरच कळते की नळाला गळती आहे, बाल्कनीला दोरी नाही आणि डासांची जाळी फाटलेली आहे. कॉट, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या यादीत नाहीत, हे लक्षात आले असेलच. महिनाभर जमिनीवर झोपून बघा, मग आपल्याला खरे काय लागते ते आपोआप समजते.

३. स्वयंपाकघर

पहिली खरेदी दुकानात नाही, घरी करा. गावाकडच्या घरी माळ्यावर जादा पातेली, परात, पोळपाट-लाटणे, पत्र्याचे डबे हमखास असतात. आईला फक्त विचारायचा अवकाश, एसटीत मावणार नाही एवढे सामान निघते. नको म्हणू नका! उरलेलेच विकत घ्या : तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, कढई, सांडशी, गाळणी, विळी किंवा सुरी, मिसळणाचा डबा.

स्टीलची भांडी घेताना बरेच जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटले नाही तर स्टील उत्तम असे ठरवतात. इथे जरा मटेरियल सायन्स आठवा. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही हे खरे. पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही, कारण त्यात निकेलचे बरेचसे काम मँगनीज करते. म्हणजे ही परीक्षा अपुरी आहे. उलट इंडक्शन शेगडीसाठी भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही.

गॅस की इंडक्शन? नव्या शहरात पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून बरेच जण अडतात. पण तेल कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. कुकर, शेगडी आणि गॅसची नळी घेताना आयएसआय मार्क बघाच. नळीवर छापलेली मुदतही वाचा. या तीन ठिकाणी वाचवलेले शंभर रुपये फार महाग पडू शकतात.

इंडक्शन घेणार असाल तर आधी प्लग बघा. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट ओढते. साधा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. तेव्हा १६ अँपिअरचा पॉइंट हवाच. बाजारात मिळणारा कन्व्हर्टर लावून मोठा प्लग लहान सॉकेटात घुसवणे हा होस्टेलचा पराक्रम घरी नको.

४. वीज : आज महाग, उद्या स्वस्त

जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा २८ ते ३५. फरक ४५ वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षभर चालवला तर सुमारे १९७ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १,५७५ रुपये. म्हणजे असा पंखा साधारण दोन वर्षांत स्वतःची किंमत भरून काढू शकतो. घर सोडताना मालकाचा पंखा परत लावून आपला काढून न्यायचा, एवढे लक्षात ठेवा.

पुढे कधी फ्रिज घ्याल तेव्हा नुसते तारे मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, तो बघा, आणि लेबल कुठल्या वर्षाचे आहे तेही बघा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. त्यामुळे सेकंडहँड फ्रिजवरचे जुने पाच तारे आजचे पाच नसतात.

५. जुने घ्यावे का?

जरूर घ्यावे, पण सगळे नाही. लोखंडी कॉट, स्टीलचे रॅक, सागवानी टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या या वस्तू जुन्याच घ्या. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार प्रसिद्ध आहेत. नव्या भांड्यांसाठी तुळशीबाग आणि खिळे, कड्या, हुक यांच्यासाठी बोहरी आळी आहेच. बदली होऊन शहर सोडणारी कुटुंबे महिनाअखेरीस सामान पटकन आणि स्वस्तात काढतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

जुनी गादी, जुनी उशी आणि कापड लावलेला सोफा मात्र घेऊ नका. कारण एकच, ढेकूण! होस्टेलवाल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. लाकडी कॉटसुद्धा सांधे आणि भेगा टॉर्चने तपासूनच घ्या. जुना कुकर आणि जुनी गॅस शेगडीही नको.

नवे फर्निचर घेताना ते कशाचे आहे ते विचारा. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, पण पाणी लागले की फुगतो, आणि एकदा खोलून पुन्हा जोडला की स्क्रू नीट पकडत नाहीत. अकरा महिन्यांनी घर बदलायचे असेल तर तो स्वस्त राहत नाही. त्यापेक्षा फोल्डिंग लोखंडी वस्तू बऱ्या.

६. हप्त्याची गोड गोळी

दुकानदार सांगतो, "फक्त १२ टक्के व्याज." समजा २४,००० चे कर्ज, १२ महिने, १२ टक्के फ्लॅट. व्याज २,८८०, महिन्याचा हप्ता २,२४०. बरोबर वाटते ना? पण आपण मुद्दल दरमहा फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण २४,००० वर वर्षभर लागते. घटत्या शिल्लकेवर हिशोब केला तर खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. एक्सेलमध्ये रेटचे सूत्र टाकून स्वतः बघा.

"बिनव्याजी" हप्त्याचेही असेच. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवले होते, कारण त्यांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपलेले असते. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा : "रोख दिले तर किती?" दोन किमतींतला फरक हेच व्याज.

७. मैत्री टिकवायची तर

शेवटचा मुद्दा पैशांचाच, पण जास्त नाजूक. रूम पार्टनर मिळून फ्रिज अर्धा-अर्धा घेतात. आठ महिन्यांनी एकाची बदली बंगलोरला होते किंवा लग्न ठरते. आता अर्धा फ्रिज कसा न्यायचा? सहाशे रुपयांवरून चार वर्षांच्या मैत्रीत अबोला यायला वेळ लागत नाही. उपाय सोपा आहे. मोठी वस्तू एकाच्याच नावावर असू द्या. एकाने शेगडी घेतली तर दुसऱ्याने टेबल-खुर्ची. जो जाईल तो आपली वस्तू नेईल किंवा दुसऱ्याला विकेल. भाजी-दूध-गॅस एवढेच सामाईक, आणि त्याची वही दाराला टांगलेली.

थोडक्यात काय, तर अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि इथे तर अंथरूणही आपल्यालाच घ्यायचे आहे! घर एका शनिवार-रविवारी भरत नाही, भरूही नये. जे घर दोन वर्षांत वस्तू-वस्तूने भरते, त्यावर कुणाचा हप्ता नसतो.

जाता जाता फायनल इयरच्या मंडळींना एक विनंती. मे महिन्यात होस्टेल सोडताना बादल्या, टेबल लॅम्प, दोऱ्या, मच्छरदाण्या कॉरिडॉरमध्ये टाकून जाऊ नका. चांगले असेल ते सोबत न्या, तुमच्या रिकाम्या घरात ते पहिल्याच दिवशी लागेल. उरलेले ज्युनियर्सना द्या. त्यांचेही घर एक दिवस रिकामेच असणार आहे.