फाइलमध्ये व्हीडीआरएल आहे का?

सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली आणि कळा सोसून मी मेलेलं बाळ जन्माला घातलं. घरी आले तर कारणं तयारच होती: ग्रहणात भाजी चिरली, भरलेली घागर उचलली. दवाखान्यानं गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची ‘टॉर्च’ तपासणी लिहून दिली. चांगलीच महाग. रुबेला आणि सायटोमेगॅलो, दोन्हींपुढे ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ छापून आलं. हेच कारण, असं सांगून गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या खेपेला माहेराजवळच्या सरकारी रुग्णालयात नाव घातलं. डॉक्टरबाईंनी जुनी फाइल चाळली आणि विचारलं, “ताई, यात तुमची व्हीडीआरएल कुठंय?” सिफिलिसची ही रक्ततपासणी झालीच नव्हती. रक्त लगेच घेतलं, रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला आणि टीपीएचए तपासणीनं ते पक्कं केलं. सिफिलिस.

मला कधी जखम झाल्याचं आठवत नव्हतं, अंगावर पुरळही नव्हतं. सिफिलिसचा जंतू वर्षानुवर्षं लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो आणि गरोदरपणी वारेतून बाळापर्यंत पोचतो. उपचार मात्र जुना आणि स्वस्त आहे: बेंझाथिन पेनिसिलीन, एका वेळी २४ लाख युनिट. संसर्ग किती जुना हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी ते सुरू झालं पाहिजे, म्हणून वेळ दवडायची नाही. हा आजार शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही उपचार हवे होते; त्याला तयार करणं इंजेक्शनपेक्षा अवघड गेलं. समुपदेशक ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं, “कुणाकडून आलं यावर भांडलात तर बाळाचे दिवस वाया जातील.” नवऱ्यानंही इंजेक्शन घेतलं. मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, ती बरी आहे.

त्या ‘आयजीजी’चा अर्थ मला डॉक्टरबाईंनीच समजावला. कधीतरी पूर्वी संसर्ग होऊन गेला किंवा लस मिळाली, एवढंच तो सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या रक्तात सायटोमेगॅलोचा आयजीजी सापडतोच. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण टॉर्चमधून सहसा कळत नाही, त्यासाठी महिनोन् महिने गोळ्या खाणं तर मला आता अन्यायच वाटतं. रुबेलाचा आयजीजी नसेल, तर मात्र त्या तपासणीचा उपयोग आहे: दिवस नसताना लस घ्यायची आणि पुढे निदान एक महिना गर्भधारणा टाळायची.

दुसऱ्या बाजूनंही सावध राहायला हवं. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह म्हणजे सिफिलिसच, असं नाही. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाची प्रतिद्रव्यं असली तरी ती खोटी रिॲक्टिव्ह येऊ शकते, आणि हीच प्रतिद्रव्यं वारंवार गर्भपात घडवू शकतात! म्हणून टीपीएचए निगेटिव्ह आली तर “काही नाही” म्हणून घरी येऊ नका. आधी बाळं गेलेली असतील, तर या प्रतिद्रव्यांची तपासणी मागा. ती पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

बाळ गेल्यावर बाईला लवकर घरी नेण्याची सगळ्यांना घाई असते. त्या घाईत तपासण्या राहतात, कारण बाळ नाही तर तपासायचं काय, असंच सगळे धरून चालतात. सोबत असलेल्या आईनं, जावेनं, नवऱ्यानं घरी निघण्याआधी एवढं विचारावं: सिफिलिस, एचआयव्ही आणि कावीळ बी यांचे रिपोर्ट फाइलमध्ये आहेत का? वार तपासायला पाठवली का? रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शन दिलं का? घरी आल्यावर ताप, थंडी किंवा घाण वासाचा स्राव दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. बाळ गेलेल्या बाईनं ती लाजेपोटी टाळू नये, आणि नवऱ्याला सोबत घेऊनच जावं.