विषय मिळाला, प्रश्न कुठाय?

एम.ए. इतिहासाच्या मुलांना प्रबंधिकेसाठी मार्गदर्शन करताना मी एक गोष्ट वारंवार पाहते. 'मॅडम, विषय मिळाला,' असं मुलं आनंदाने सांगतात, पण त्या विषयात प्रश्नच नसतो.

एका विद्यार्थिनीने '१९७२चा महाराष्ट्रातील दुष्काळ : एक अभ्यास' असा विषय घेतला. मुलगी कष्टाळू. जनगणनेच्या पुस्तिका, गॅझेटिअर, जुनी वर्तमानपत्रं तिने उपसली. पाझर तलाव, खडी फोडण्याची कामं, सुकडी, पुढे १९७७चा रोजगार हमी कायदा आणि २६ जानेवारी १९७९पासून त्याची अंमलबजावणी, असं सगळं टिपून वह्या भरल्या. सत्र संपत आलं तरी पहिलं प्रकरण काही लिहून होईना. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे प्रश्नावरून ठरतं आणि तोच नव्हता.

मग तिने विचारलं, 'दुष्काळी कामांमुळे लोकांना आधार मिळाला का?' याचं उत्तर शाळकरी पोरही देईल. जिथे उत्तर वेगळं निघण्याची शक्यताच नाही, तिथे शोधायचं काय?

बोलता बोलता दुसरा प्रश्न निघाला : खडी फोडणाऱ्या बायकांची मजुरी कोणाच्या हातात पडत होती? बाईच्या, नवऱ्याच्या की सासऱ्याच्या, काहीही निघू शकत होतं. मस्टरवरचे अंगठे पाहू म्हणून ती एका कचेरीत गेली, तर जतनाची मुदत संपलेली ती मस्टरं केव्हाच नष्ट झाली होती. मग ती आजोळच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे गेली. एकीच्या आठवणीत अंगठा तिचा होता, पैसे मात्र सासऱ्याने मोजून घेतले. दुसरीने पगाराच्या दिवशीच बाजारातून लेकीला परकर घेतला होता.

साधन बदललं, तसा प्रश्नही बदलावा लागला. पैसे नक्की कोणाला मिळाले, हे चार आठवणींवरून सिद्ध होत नाही. 'या गावातल्या बायका त्या मजुरीबद्दल आज काय सांगतात?' हे मात्र विचारता येतं. प्रबंधिका त्यावर उभी राहिली.

म्हणून मुलांनो, विषय नोंदवण्याआधी तो एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहा. त्यात गाव किंवा तालुका, काळ आणि माणसं आली पाहिजेत. आपल्या अंदाजाविरुद्ध उत्तर आलं तर ते कसं असेल, हेही लिहून पाहा. सुचलं नाही तर प्रश्न बदला. शोधगंगेवर आधी कोणी काय केलंय ते चाळा. आणि साधनं आजही हाताशी आहेत का, याची स्वतः जाऊन खात्री करा. मस्टरं गेलीच आहेत. १९७२ साली विशीत असलेल्या बायकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांना विचारायचं असेल, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका.