आजारपणाचा निरोप आणि हंगामी कामगाराची रोजी

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत गेले, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतील कारखान्यांची रांग नजरेत भरते. हे महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि नवी मुंबई वसविणारे ‘सिडको’ १९७० मध्ये. म्हणजे येथे नगर वसण्यापूर्वीच कारखाने आले. या कारखान्यांच्या गेटमधून रोज आत जाणाऱ्यांत कायम कामगारांच्या बरोबरीने हंगामी, बदली आणि कंत्राटी कामगारही असतात. काम तेच, पाळी तीच. फरक असतो तो नाव कोणत्या पटावर आहे, एवढाच. एरवी हा फरक फारसा जाणवत नाही. कामगार आजारी पडला की तो एकदम उघड होतो.

मंदी आली, कारखाना बंद पडला किंवा कामात कसूर झाली, तर काम जाते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु यांपैकी काहीही न घडता, केवळ आजारपणाचा निरोप योग्य जागी न पोहोचल्यामुळे काम जाण्याचाही एक प्रकार आहे. त्याची चर्चा क्वचितच होते, कारण त्यात कोणी कोणाला ‘काढून टाकले’ असे वरकरणी दिसत नाही.

अशा प्रकरणाचा सर्वसाधारण क्रम पाहण्यासारखा आहे. पाळीवर असताना कामगाराला ताप भरतो. मुकादम सहानुभूतीनेच म्हणतो, “घरी जा, बरं वाटलं की ये.” कामगार याला रजा समजतो. मुकादमाच्या लेखी तो फक्त एक सल्ला असतो. खोलीवर एकट्याने आजार काढणे कठीण, म्हणून कामगार सातारा किंवा जालना जिल्ह्यातील आपल्या गावी जातो. दोन दिवसांनी तो मोबाईलवरून निरोप देतो, पण तो मुकादमालाच. मुकादमाची पाळी बदललेली असते किंवा त्याने कंत्राटदाराच्या कार्यालयात काही कळविलेले नसते. हजेरीपटावर खाडे पडत जातात. जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून दुसरा माणूस लावला जातो. पंधरा दिवसांनी कामगार परततो, तेव्हा त्याचा गेटपास चालत नाही. “तू न सांगता काम सोडलेस,” असे उत्तर त्याला मिळते. तो म्हणतो, “मी सांगितले होते.” दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. निरोप दिला गेला होता, पण नोंद झाली नव्हती.

ही अडचण आजची नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगार आजारी पडला की बदली कामगाराला त्या दिवसाची रोजी मिळे. दारात ताटकळणाऱ्या बदलीवाल्यांची निवड जॉबरच्या मर्जीवर राहू नये, म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कार्डांची पद्धत सुरू केली. कायम माणसाचे आजारपण ही बदलीवाल्याची संधी असे. बदलीवालाच आजारी पडला तर मात्र त्याच्यासाठी कोणी जागा राखून ठेवत नसे.

आजारी कामगाराला संरक्षण हवे, हे तत्त्व कायद्याने लवकर मान्य केले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. महाराष्ट्रात ही योजना नागपूर आणि मुंबई येथे १९५४ मध्ये लागू झाली. या कायद्याच्या ७३ व्या कलमाने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगारास त्या काळात कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई केली होती, आणि तशी नोटीस दिली तरी ती अवैध ठरविली होती. वाचणाऱ्यास वाटेल की प्रश्न येथेच मिटला. तो मिटला नाही.

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५७ मध्ये रजेवर गेलेला एक कामगार मुदतीत परतला नाही. आपण आजारी होतो असे सांगून त्याने डॉक्टरी दाखला पुढे केला. व्यवस्थापनाने तो मानला नाही. विमा महामंडळाने मात्र मानला. आठ दिवस विनापरवाना गैरहजर राहणाऱ्याने नोकरी सोडली असे समजावे, अशी तरतूद गिरणीच्या स्थायी आदेशांत होती. सर्वोच्च न्यायालयाने गिरणीची बाजू ग्राह्य धरली. मालकाने कामगाराला काढले नाही, स्थायी आदेशानुसार त्याची नोकरी आपोआप संपली; म्हणून ७३ वे कलम येथे लागू होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. आजार खरा असूनही नोकरी जाऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले.

पुढील काळात न्यायालयाची दृष्टी बदलत गेली. दक्षिण रेल्वेच्या एका कामगाराच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गैरहजेरीबद्दल पटावरून नाव कमी करणे ही कामगारकपातच होय, आणि त्यासाठी कायद्याने सांगितलेली नोटीस व भरपाई टाळता येणार नाही. रोजंदारीच्या कामगारांनाही हे संरक्षण मिळू शकते, हे त्या निर्णयाचे विशेष. फरीदाबादच्या जे. एम. ए. इंडस्ट्रीज या कारखान्यातील एक कामगार डिसेंबर १९८० पासून कामावर नव्हता, म्हणून त्याची सेवा आपोआप संपल्याचे कळविण्यात आले होते. आपल्याला गेटवरच अडविण्यात आले, असे त्याचे म्हणणे होते. १९९३ मध्ये न्यायालयाने त्याला निम्म्या मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. माणसाची उपजीविका हिरावण्यापूर्वी त्याला त्याची बाजू मांडू द्यावी. स्थायी आदेशात ‘आपोआप’ हा शब्द असला तरी ही जबाबदारी टळत नाही, असे या निर्णयाने सांगितले. कामगाराला बोलावून “कोठे होतास?” एवढे विचारणे आणि त्याचे उत्तर लिहून घेणे, ही फार मोठी अपेक्षा म्हणता येणार नाही.

आपल्या राज्याने या बाबतीत आधीच एक पाऊल टाकले होते, हे नमूद करणे अगत्याचे आहे. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या व अनुचित कामगार प्रथांना आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने, विनारजा गैरहजेरीचा खोटा किंवा रचलेला आरोप ठेवून कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा ठरविली. कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगारास वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे, हेही त्याच यादीत घातले. तक्रारीसाठी मुदत ठेवली ती ९० दिवसांची. आजारातून उठलेला, गाव आणि शहर यांमध्ये हेलपाटे घालणारा कामगार यातील बराच काळ “साहेब उद्या भेटतील” या आशेवर घालवितो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अंमलात आल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा विमा कायदा यांची जागा आता या संहितांनी घेतली आहे. गैरहजेरीच्या खोट्या आरोपावरून कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा असल्याचे नव्या औद्योगिक संबंध संहितेतही नमूद आहे. आजारपणामुळे पडलेला खंड हा सलग सेवेतील खंड मानू नये, हे जुने तत्त्वही कायम आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक झाले, ही हंगामी कामगाराच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. कारण कित्येकांना आपला मालक कंपनी की कंत्राटदार, हेच सांगता येत नसे. मात्र स्थायी आदेशांविषयीचे प्रकरण ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. लहान आस्थापनेतील कामगाराला रजेचा नियम कोणता, हे नेमणूकपत्रातच पाहावे लागेल.

विम्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो. तो हंगामी आहे की कंत्राटी, याने फरक पडत नाही. वेतनाच्या पाऊण टक्का वर्गणी त्याची आणि सव्वातीन टक्के मालकाची. आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात साधारणतः ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नव्याने विमाधारक झालेल्याला औषधोपचार लगेच मिळतात, पण रोख लाभाचा काळ नऊ महिन्यांनी सुरू होतो. ज्याला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, त्याची पंचाईत येथे होते.

नवी मुंबईच्या कामगारांसाठी वाशी येथे राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. विमा डॉक्टरचा दाखला केवळ पैसे मिळविण्याचा कागद नव्हे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा माणूस काम करण्यास असमर्थ होता, याची ती तिऱ्हाइताने केलेली नोंद होय. गावी असताना असा दाखला मिळणे शक्य नसेल, तर महामंडळ परिस्थिती पाहून इतर पुरावाही ग्राह्य धरू शकते. पण तो पुरावा त्याच दिवसांतला हवा. बरे झाल्यावर मागील तारखेचा दाखला मिळविण्याची जी खटपट होते, तिने खरा आजारही खोटा वाटू लागतो.

कोविडच्या काळात तर निरोपाची दिशाच उलटली. कामगार रजा मागत नव्हता. खोकला ऐकून त्यालाच तोंडी घरी धाडले जात होते. केंद्रीय श्रम मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी मालकांना केलेल्या आवाहनात, विशेषतः रोजंदारी व कंत्राटी कामगारांना कमी करू नये आणि रजा घेणारा कामावर असल्याचे मानावे, असे म्हटले होते. ते आवाहन होते, कायदा नव्हे. आणि “घरी थांब” असे सांगितल्याचा कागद फारच थोड्या कामगारांपाशी होता.

याच शहरात वेगळी व्यवस्थाही नांदते आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात पोती वाहणारा माथाडी कामगार १९६९ च्या माथाडी अधिनियमाखाली मंडळाकडे नोंदलेला असतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या या कायद्यात मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरली जाते. नोंद व्यापाऱ्याच्या वहीत नसून मंडळाच्या दप्तरात असल्याने, आठ दिवस तापाने झोपून राहिलेला माथाडी परतला की त्याची टोली आणि त्याचे नाव जागेवर असते. या व्यवस्थेतही उणिवा आहेत, बोगस नोंदणीच्या तक्रारी आहेत. तथापि नाव कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर कारखान्यांतील कंत्राटी कामगारांच्या बाबतीत अद्याप मिळालेले नाही.

हा लेख वाचणारे पंचायत सदस्य व शिक्षक यांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. कामगार आजार काढायला गावीच येतो. अशा वेळी त्याच्याकडून पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक पत्र लिहून घ्यावे. त्यात पूर्ण नाव, नेमणूकपत्र किंवा गेटपासवरील क्रमांक, विमा क्रमांक, शेवटची पाळी कोणत्या तारखेला केली, कोणाला तोंडी सांगितले होते, आजार काय आणि परतण्याची अंदाजे तारीख, एवढे असावे. पत्र मुकादमाला नव्हे, तर कंत्राटदाराच्या कार्यालयाला लिहावे आणि एक प्रत मुख्य कंपनीच्या कामगार अधिकाऱ्याला पाठवावी. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरची प्रत जोडावी. सरपंचाचा दाखला वैद्यकीय पुरावा ठरत नाही. परंतु माणूस त्या तारखांना गावी होता, हे त्यावरून दिसते. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, तेव्हा पत्र स्पीड पोस्टने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. मोबाईलवर संदेश पाठविला असल्यास तो पुसू नये. आजार लांबला तर नव्या तारखेचे दुसरे पत्र धाडावे, आणि परतताना काम करण्यास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला बरोबर न्यावा. गेटवर पहिल्यांदा तोच मागितला जातो.